भूपट्ट सांरचनिकी आणि अग्निज खडक

शिलारस थंड होऊन घट्ट झाल्यावर तयार होणाऱ्या खडकांना अग्निज खडक म्हणतात. शिलारस कोठे, किती खोलीवर आणि कोणत्या रासायनिक घडणीचा तयार होतो, हे मुख्यतः भूपट्टांच्या हालचालींवर अवलंबून असते. त्यामुळे अग्निज खडकाची घडण व वय यांवरून तो तयार झाला त्या काळची भूपट्टांची मांडणी ओळखता येते.

शिलारसाची निर्मिती

कवचाखालील प्रावरण वितळलेल्या स्थितीत आहे, असा समज रूढ आहे. प्रत्यक्षात ते जवळजवळ पूर्णपणे घन आहे. तेथील तापमान खूप जास्त असले, तरी वरच्या थरांच्या दाबामुळे खडक वितळत नाही. तो अंशतः वितळण्याची मुख्य कारणे तीन आहेत: दाब कमी होणे, पाण्याच्या शिरकावामुळे द्रवणांक घटणे आणि जादा उष्णता मिळणे. यांपैकी कोणते कारण प्रभावी ठरते, हे भूपट्टांच्या सीमेच्या प्रकारानुसार बदलते.

अपसारी सीमा

दोन भूपट्ट एकमेकांपासून दूर सरकतात तेथे खालचे प्रावरण वर येते. दाब घटल्याने ते अंशतः वितळते व बेसाल्टी शिलारस तयार होतो. समुद्रतळावर आलेला लाव्हा पाण्यात झपाट्याने थंड होऊन उशीच्या आकाराचे, सूक्ष्मकणी बेसाल्टचे थर बनतात. खोलवर सावकाश थंड होणाऱ्या शिलारसापासून भरडकणी गॅब्रो बनतो. अशा रीतीने निर्माण झालेले सागरी कवच साधारणपणे ६ ते ७ किमी. जाड असते. मध्य-अटलांटिक पर्वतरांग बहुतेक ठिकाणी पाण्याखाली असून आइसलँडमध्ये ती समुद्रसपाटीच्या वर आली आहे.

अभिसारी सीमा

सागरी भूपट्ट दुसऱ्या भूपट्टाखाली घुसतो तेव्हा त्यातील खनिजांमध्ये बद्ध असलेले पाणी बाहेर पडून वरच्या प्रावरणात शिरते व त्याचा द्रवणांक उतरवते. येथील शिलारस वर येताना त्यातील काही खनिजे आधी स्फटिकरूपाने वेगळी होतात आणि कवचातील द्रव्यही त्यात मिसळते. परिणामी त्यातील सिलिकेचे प्रमाण वाढते व अँडेसाइट, डेसाइट यांसारखे खडक बनतात. अँडेसाइट हे नाव अँडीज पर्वतावरून पडले आहे. अंदमान समुद्रातील बॅरन बेट हा जागृत ज्वालामुखी भारतीय भूपट्ट पूर्वेकडे खाली जात असल्याने निर्माण झाला आहे.

पृष्ठभागापर्यंत न पोहोचलेल्या शिलारसाचे ग्रॅनाइटी खडक बनतात. लडाखमधील ग्रॅनाइटी खडकांचा विस्तीर्ण पट्टा हा टेथिस महासागराचा तळ आशियाखाली जात असताना तयार झाला. तो महासागर आज अस्तित्वात नाही. हे खडक त्याच्या अस्तित्वाच्या पुराव्यांपैकी एक आहेत. पुढे भारत व आशिया यांची टक्कर होऊन कवच जाड झाले आणि त्याचा काही भाग वितळून हिमालयातील फिकट रंगाचे ग्रॅनाइट तयार झाले.

भूपट्टांचा अंतर्भाग

काही ज्वालामुखी सीमांपासून दूर आढळतात. प्रावरणातून वर येणाऱ्या उष्ण द्रव्याच्या स्तंभामुळे ते निर्माण होतात, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. अशा तप्तबिंदूवरून भूपट्ट सरकत गेल्यास ज्वालामुखींची रांग तयार होते. हवाई बेटांची वये वायव्येकडे वाढत जातात, ती याच कारणाने.

महाराष्ट्राचा बहुतांश भूभाग व्यापणारे दख्खनचे बेसाल्ट सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भेगांमधून वाहिलेल्या लाव्ह्याचे आहेत. आज त्यांनी सुमारे ५ लाख चौ. किमी. क्षेत्र व्यापले आहे. सह्याद्रीच्या पायऱ्यांसारख्या कड्यांमध्ये त्यांचे एकावर एक साचलेले थर स्पष्ट दिसतात. अजिंठा व वेरूळची लेणी याच खडकात कोरलेली आहेत. त्या काळी भारतीय भूपट्ट सध्या रेयूनियों बेटाखाली असलेल्या तप्तबिंदूवरून जात होता, असे मानतात. भूपट्ट उत्तरेकडे सरकत गेल्यावर त्याचा माग लक्षद्वीप, मालदीव व चागोस यांच्या खालील रांगेच्या रूपाने समुद्रतळावर उरला. याच सुमारास सेशेल्सचा भूखंड भारतापासून विलग झाला. या उद्रेकात स्तंभाच्या उष्णतेचा वाटा किती आणि कवच ताणले जाण्याचा किती, याविषयी भूवैज्ञानिकांमध्ये मतभेद आहेत.