ठिबकत्या इंजिनाची पूर्वपीठिका

मालवाहू पिकअपच्या इंजिनाने जमिनीवर तेलाचा एक थेंबही न सांडता वर्षानुवर्षे चालावे, ही अपेक्षा आज आपणांस इतकी स्वाभाविक वाटते की, मोटारीच्या पहिल्या काही दशकांत ती ना कारखानदाराने फारशी बाळगली होती, ना गिऱ्हाइकाने, हे सांगितल्यास ऐकणारा चकित होतो. फोर्डने १९०८ साली बाजारात आणलेल्या मॉडेल टी गाडीला १९२५ साली कारखान्यातच मालाचा हौदा जोडून ती २८१ डॉलरांस विकावयास काढली, तेव्हा तिच्या इंजिनात तेल ढकलणारा पंपच नव्हता. फिरत्या फ्लायव्हीलच्या तडाख्याने उडालेले तेल एका नळीत पडे आणि तिच्यातून पुढच्या भागांकडे वाहत जाई. तेलाची पातळी पाहण्यास डिपस्टिकही नव्हती. चालकाने गाडीखाली शिरावे, इंजिनाच्या मागील बाजूच्या दोन तोट्या उघडाव्यात आणि तेल कोणत्या तोटीपर्यंत आहे ते पाहून घ्यावे, असा रिवाज होता. अशा मालकाला खालचा ठिपका हे संकट वाटत नसे. तेल अद्याप शिल्लक आहे, याची ती एक सनदच होती.

खरा पेच क्रँकच्या मागील टोकाशी असतो. फ्लायव्हील धारण करण्यासाठी क्रँकशाफ्टला इंजिनाच्या भिंतीबाहेर यावेच लागते आणि जेथून शाफ्ट बाहेर येतो, तेथून तेलही येऊ पाहते. या वेशीवर पहारा बसविण्याचे जे उपाय निरनिराळ्या काळी योजले गेले, त्यांतच तेलगळतीचा सारा इतिहास सामावलेला आहे. ब्रिटिश कारखानदारांनी, उदाहरणार्थ १९५३ पासून निघालेल्या मॉरिस मायनर पिकअपच्या इंजिनात, शाफ्टवर उलटे आटे पाडले, जेणेकरून शाफ्ट फिरताना तेल आपोआप आत ढकलले जावे. युक्ती नामी खरी, पण इंजिन थांबले की आट्यांचे कार्यही थांबते. म्हणून ही गाडी धावताना कोरडी राही आणि उभी राहिली की ठिबके. आपल्याकडील जुन्या ॲम्बेसेडरचे इंजिन याच घराण्यातले, आणि तिच्या मालकांस हा अनुभव काही नवा नाही.

अमेरिकेत ॲस्बेस्टॉसच्या विणलेल्या दोरास ग्रॅफाइट चोळून तो शाफ्टभोवतीच्या खाचेत ठोकून बसविण्याची पद्धत दीर्घकाळ रूढ होती. शेव्हरोलेचे १९५५ चे प्रसिद्ध व्ही-आठ इंजिन, जे त्याच वर्षी पिकअपमध्येही मिळू लागले, प्रथम दोराच्याच सीलवर चालले. १९५९ मध्ये त्या जागी निओप्रीनचे दोन अर्धगोल आले आणि १९८६ च्या सुमारास एकसंध वर्तुळ आले. सर्वांत रंजक अध्याय मात्र याआधीच जर्मनीत घडला होता. वाइनहाइम येथील फ्रॉइडेनबर्ग हे मूळचे चर्मोद्योगी घराणे. १९२९ च्या आर्थिक अरिष्टात कातड्याचा धंदा मंदावल्यावर त्याने कातड्याच्या सील-कड्या करण्याचा मार्ग स्वीकारला, आणि तेथेच वाल्टर झिमर या ऑस्ट्रियन अभियंत्याने १९३२ साली शाफ्टच्या ज्या सीलचा विकास केला, त्याला त्याचेच नाव लाभले. पुढे १९३६ पासून कातड्याची जागा कृत्रिम रबराने घेतली. आजच्या अनेक ऑइल सीलमधील स्प्रिंगने आवळलेला ओठ याच घराण्यातला आहे. चांभाराच्या हातचे कातडे यंत्रविद्येला किती उपयोगी पडले, याची नोंद इतिहासग्रंथांत सहसा सापडत नाही.

परंतु दोष सर्वस्वी सीलचा नसतो. पिस्टनच्या फटींतून खाली उतरणारा वायू इंजिनाच्या पोटात साठला की तेलास बाहेर लोटतो. पूर्वी त्यास एका उघड्या नळीवाटे रस्त्यावर सोडण्याची मुभा होती. १९६१ साली कॅलिफोर्नियाने तो झडपेवाटे पुन्हा इंजिनातच जाळण्याचा हुकूम केला, आणि ही तजवीज थोड्याच अवधीत सार्वत्रिक झाली. ही झडप काजळीने तुंबली, तर नव्याकोऱ्या सीलचाही टिकाव लागत नाही.

या इतिहासाचा मुंबईशी असलेला संबंध शिवडीचा. जनरल मोटर्सने १९२८ साली तेथे शेव्हरोलेच्या गाड्या जुळविण्याचा कारखाना उघडला. १९५३ साली टॅरिफ कमिशनने, देशात भाग न बनविता केवळ जुळणी करणाऱ्या कंपन्यांस यापुढे आश्रय नको, अशी शिफारस केल्यावर तो १९५४ मध्ये बंद पडला. गाड्या मात्र राहिल्या, आणि मूळ भाग दुर्मिळ होत गेले. मिस्त्री कॉर्कचा वा जाड कागदाचा पत्रा इंजिनाखालच्या तेलाच्या चेंबरच्या कडेवर धरी, हातोडीच्या गोल टोकाने हलके ठोके देत कडांनी पॅकिंग कापून काढी आणि शेलॅकचा हात देऊन बोल्ट आवळी. विदेशी इंजिनाची शिवण छोटा नागपूरच्या लाखेने बुजे. पोट भरण्यापुरते उत्पन्न देणाऱ्या या विद्येस कोणी विद्या म्हटले नाही, हा आमच्या शिक्षणपद्धतीचा दोष.

जुन्या पिकअपचा मालक तेल गळताच मागील सीलला दोष देतो, आणि अनेक गॅरेजवालेही तसाच निकाल देतात, कारण त्यात गिअरबॉक्स उतरविण्याची भरघोस मजुरी असते. वस्तुतः तेल खाली उतरते आणि धावत्या गाडीच्या वाऱ्याने मागे सरकते; वरच्या टॅपेट कव्हरचे पॅकिंग गळत असले, तरी थेंब पडतो तो क्रँकच्या मागील टोकाखालीच. म्हणून प्रथम इंजिन धुऊन कोरडे करावे, संशयित जागी खडूची भुकटी फासावी, थोडा वेळ गाडी चालवावी आणि ओलावा प्रथम कोठे उमटतो ते वरून खाली पाहत जावे. वायूची झडप साफ करावी, कव्हरचे पॅकिंग बदलावे आणि तरीही ठिबक चालूच राहिली, तरच गिअरबॉक्स उतरविण्यास संमती द्यावी.