केर काढण्याची पाळी

मजूर चळवळीत उभी हयात घालवलेल्या माणसाने व्याख्यानमालेत घराच्या झाडलोटीवर बोलावे, हे काहींना चमत्कारिक वाटेल. संप, बोनस, ऊसतोड हे आमचे नेहमीचे विषय. परंतु झाडलोट हाही मजुरीचाच विषय आहे, आणि तो फार जुना आहे. घर स्वच्छ राहते ते संस्कारामुळे, असे आपण म्हणतो. पण नुसता संस्कार केर काढीत नाही. केर काढायला माणूस लागतो आणि त्या माणसाचा वेळ लागतो. तो वेळ कोणाचा, असा प्रश्न विचारला की घराच्या स्वच्छतेचा खरा इतिहास सुरू होतो.

आपल्याच भागातल्या घरापासून आरंभ करू. सोलापूर जिल्ह्यातले जुने घर म्हणजे दगडमातीच्या भिंती आणि वर माळवद. पावसाळ्यापूर्वी माळवदावर नवी पांढरी माती टाकून ते चोपले नाही, तर घर गळायचे. खाली जमीनही मातीचीच. ती रोज झाडता येई, पण पाण्याने धुता येत नसे. धुतली तर चिखल व्हायचा. म्हणून शेणाचे सारवण. सारवणाला खंड पडला की पोपडे निघत, धूळ उडे, पिसवा होत. तेव्हा आपल्या आज्या-पणज्यांचा नेम हा काही हौसेचा नव्हता. त्या जमिनीचीच ती मागणी होती.

या नेमाचे तीन भाग होते. पहाटे अंगणात सडा आणि घरात झाडलोट, हे रोजचे काम. ठरल्या वाराला सारवण, हे वाराचे काम. आणि सणाचे काम निराळे: घटस्थापनेच्या आधी घरातल्या साऱ्या वाकळा-गोधड्या ओढ्यावर नेऊन धुवायच्या, दिवाळीच्या आधी जळमटे काढून भिंतींना हात फिरवायचा. कोणी तक्ता लिहून भिंतीला लावलेला नव्हता. पंचांग हाच तक्ता होता. घड्याळ नसलेल्या घरातही काम चुकत नसे, याचे कारण ते सणावारांशी बांधलेले होते.

परंतु या व्यवस्थेची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. काम ठरलेले होते, तसा काम करणारा हातही जन्मानेच ठरलेला होता. घरात तो बाईचा. आपल्या वेळापुराहून पंढरपूर एक-दोन मजलांवर आहे. तिथल्या नामदेवांच्या घरी जनाबाई राबत होती. तिच्या नावाने चालत आलेल्या अभंगांत विठ्ठल तिच्याबरोबर दळतो आणि केरही भरतो. आपण भक्तिभावाने ते गातो. पण कामगाराच्या दृष्टीने पाहिले तर त्यात एक साधी गोष्ट दिसते. घरातल्या माणसांपैकी कोणी त्या कामाला हात लावला असता, तर देवाला यावे लागले नसते.

केरसुणीचेही तसेच. लक्ष्मीपूजनाला आपण नवी केरसुणी आणतो आणि तिला हळदकुंकू वाहून लक्ष्मी म्हणून पुजतो. ती शिंदीच्या पानांची केरसुणी पिढ्यान्‌पिढ्या मातंग समाजाने बांधली. केरसुणी देवघराशेजारी बसली आणि ती बांधणारा मात्र गावाबाहेर राहिला. ज्या समाजाने साफसफाईच्या साधनाला देवत्व दिले, त्याच समाजाने ते साधन बनवणाऱ्याला आणि वापरणाऱ्याला हलके मानले.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या जुन्या घडीवर मोठा आघात झाला. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेग उघडकीस आला. फेब्रुवारी १८९७ मध्ये सरकारने साथरोगांचा कायदा केला. घरात शिरण्याचा, सामान बाहेर काढण्याचा, भिंतींना चुना फासण्याचा आणि जंतुनाशके फवारण्याचा अधिकार अंमलदारांना मिळाला. पुण्यात हे काम सैनिकांकडून करवून घेण्यात आले, त्यातून संताप पेटला आणि २२ जून १८९७ च्या रात्री रँडवर गोळी झाडली गेली. हा राजकीय इतिहास शाळेतल्या मुलालाही ठाऊक आहे. त्यातला झाडलोटीचा भाग मात्र दुर्लक्षित राहिला आहे.

प्लेग उंदरावरच्या पिसवेमुळे पसरतो, हे सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने १८९८ साली कराचीत प्रयोगाने दाखवले. म्हणजे पुण्यात घरे धुतली जात होती, तेव्हा रोगाची वाट नेमकी कोणती हे धुणाऱ्यांनाही उमगलेले नव्हते. भिंत पांढरी होत होती आणि धान्याच्या कणगीमागचा उंदीर तसाच राहत होता. शिवाय परक्या माणसाने एक दिवस बळजबरीने घर साफ केले, तर दुसऱ्या दिवशीची व्यवस्था काय? रोजचा केर रोज निघणे, धान्य झाकलेले असणे, खरकटे रात्री घरात न राहणे, यानेच उंदीर हटतो. ते घरात राहणाऱ्यालाच करावे लागते आणि त्यासाठी घरात पुरेशी जागा, पाणी नि सवड असावी लागते.

ही तिसरी गोष्ट, सवड, गिरणीगावात सर्वांत दुर्मिळ होती. प्लेगनंतर १८९८ मध्ये मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. पुढे १९२० मध्ये डेव्हलपमेंट डिपार्टमेंट आले आणि त्याने वरळी, नायगाव, डिलाईल रोड व शिवडी येथे २०७ चाळी उभारल्या. त्यांनाच आपण बीडीडी चाळी म्हणतो. तळमजला आणि वर तीन मजले, सुमारे १६० चौरस फुटांची एकेक खोली, संडास मजल्यावर सामाईक. आमच्या सोलापुरातही १८७७ च्या सुमारास पहिली कापडगिरणी, म्हणजे पुढची जुनी मिल, उभी राहिली आणि गिरण्यांबरोबर दाट वस्त्या वाढल्या. एका खोलीत एक कुटुंब, वर गावाकडचे दोन-चार पाहुणे. एक पाळीवरून येऊन झोपतो आहे, दुसरा निघतो आहे. अशा खोलीत केर काढायचा तरी कोणत्या वेळी? निजलेल्या माणसाला उठवल्याशिवाय जमीन पुसता येत नसे.

अशा स्थितीतही चाळीने एक मोलाची गोष्ट शिकवली. ती म्हणजे पाळी. गॅलरी कोणाच्या मालकीची नाही, नळ आणि मोरी सर्वांची. तेव्हा आज या खोलीची पाळी, उद्या त्या खोलीची. जिथे बिऱ्हाडांनी पाळी ठरवून पाळली, तिथली गॅलरी स्वच्छ राहिली. जिथे ‘कोणीतरी करील’ म्हटले, तिथे केर साचला. मात्र या पाळीलाही एक कुंपण होते. पाळी लागायची ती बायकांना. आणि सामाईक संडासाची पाळी कोणालाच लागत नसे; ते काम नगरपालिकेच्या सफाई कामगारावर, म्हणजे पुन्हा विशिष्ट जातींवरच, टाकलेले होते.

हे कुंपण मोडण्याचे यत्न झाले. कोकणातले अप्पासाहेब पटवर्धन यांनी १९३२ मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात मैलासफाईचे काम आपल्याला करू द्यावे म्हणून उपोषण केले. काम टाळण्यासाठी भांडणारे पुष्कळ, हा गृहस्थ काम मिळावे म्हणून भांडला. सफाई कामगारांच्या राहणीची चौकशी करायला मुंबई सरकारने १९४९ मध्ये बर्वे समिती नेमली. मैला माणसाकडून वाहून नेण्याला बंदी करणारे कायदे मात्र १९९३ आणि २०१३ साली आले. म्हणजे घर झाडण्याच्या प्रश्नापेक्षा घरातली घाण कोण उचलणार, हा प्रश्न सोडवायला आपल्याला कितीतरी अधिक काळ लागला.

आता कारखान्याकडे पाहू. १९४८ च्या फॅक्टरी ॲक्टात स्वच्छतेचे एक स्वतंत्र कलम होते. साचलेला केर रोज झाडून काढावा. कामाच्या जागेची जमीन आठवड्यातून एकदा तरी धुवावी. सफेदीच्या भिंतींना चौदा महिन्यांत एकदा तरी सफेदी द्यावी. २१ नोव्हेंबर २०२५ पासून श्रमसंहिता लागू झाल्या आणि त्या कायद्याची जागा नव्या संहितेने घेतली. पण ते कलम मी जेव्हा प्रथम वाचले, तेव्हा मला आजीचे घर आठवले. रोजचे, आठवड्याचे, वर्षाचे, घडी तीच. फरक इतकाच की कारखान्यात ते काम मालकाच्या जबाबदारीचे होते, करणाऱ्याला पगार होता आणि न केल्यास दंड होता. घरात यांपैकी काहीच नव्हते.

सुट्टीचेही पाहा. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून गिरणी कामगारांना संघटित केले आणि १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. आमच्या चळवळीचा हा पहिला मोठा विजय. परंतु त्या रविवारी घरात काय होत होते? पुरुष घरी, पोरे घरी, म्हणून जेवणाची भांडी जास्त. आठवड्याचे धुणे त्याच दिवशी. जमीन खरवडून धुवायची तीही त्याच दिवशी. गिरणीतला रविवार सुटला आणि घरातला रविवार भारी झाला. आम्ही आठ तासांच्या दिवसासाठी लढलो, पण स्वतःच्या घरात किती तासांचा दिवस चालतो, हे मोजले नाही. पुढे सरकारने ते मोजले. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बाईचे दिवसाला सरासरी २९९ मिनिटे त्यात जातात असे आढळले, पुरुषाची ९७. शिवाय अशा कामाला हात लावणाऱ्या बाया शंभरात ८१ होत्या आणि पुरुष अवघे २६. सैपाक, धुणे, झाडलोट सारे धरून हे जवळजवळ पाच तास होतात, बिनपगारी, बिनरजेचे.

आज चाळी जाऊन फ्लॅट येत आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या बीडीडी चाळींतील ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. तीन पिढ्या खोलीत काढलेल्या कामगाराला संडास आतच असलेले घर मिळाले, याचा आनंद आहेच. वेळापूरसारख्या गावातही माळवदे उतरून स्लॅब आले, सारवणाच्या जागी फरशी आली. पण हिशेब करा. जमीन तिप्पट झाली, न्हाणीघर, संडास, खिडक्यांच्या जाळ्या यांची भर पडली. आणि गॅलरीतली पाळी मात्र बंद दाराआड नाहीशी झाली. मग हे काम दोघींवर पडते: घरातल्या बाईवर, किंवा मोलाने येणाऱ्या बाईवर.

या मोलाने येणाऱ्या बाईचा इतिहास आमच्या चळवळीनेही उशिरा लिहिला. १९८० मध्ये पुण्यातल्या मोलकरणींनी संप केला आणि पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. एकेक बाई चार-पाच घरी, प्रत्येक घरी मालक निराळा, तरीही त्या एकत्र आल्या. महाराष्ट्राने २००८ मध्ये घरेलू कामगारांच्या कल्याणमंडळाचा कायदा केला. १६ जून २०११ रोजी आंतरराष्ट्रीय श्रम परिषदेने त्यांच्यासाठी करार संमत केला. त्यात आठवड्यातून सलग चोवीस तास विश्रांती सांगितली आहे. लोखंड्यांनी १८९० मध्ये जे मिळवले, तेच हे. भारताने त्या कराराच्या बाजूने मत दिले, पण त्याला अद्याप मान्यता दिलेली नाही.

तेव्हा फ्लॅटसाठी नेम कोणता? तो अवघड नाही. रोज केर, ओटा, मोरी आणि ओला-सुका कचरा वेगळा करून बाहेर. आधी झाडणे, मग पुसणे. आठवड्याला संडास-न्हाणीघर घासणे आणि सामान हलवून खालची जागा पुसणे. महिन्याला पंखे, जाळ्या, माळे, तेही वरून खाली. असे वाटले की एका दिवसाच्या वाट्याला थोडेच काम येते आणि साचलेल्या घाणीशी सणाच्या तोंडावर झुंजावे लागत नाही. पण या तक्त्यात कामापुढे नावही लिहिले पाहिजे, आणि ती नावे बदलती असली पाहिजेत. नेहमी एकच नाव असेल, तर तो नेम नव्हे, ती वेठ आहे.

माउलींची पालखी वेळापुरात मुक्कामाला येते, त्याच्या आदल्या दिवशी आपले गाव कसे लख्ख होते ते आपण दरसाल पाहतो. सारे हात लागतात, कोणी जात विचारीत नाही, बाप्ये सुद्धा खराटा धरतात. पालखी पुढे गेली की दुसऱ्या दिवशी पत्रावळी नि कागद तसेच पडलेले असतात आणि ते उचलायला ठरलेलीच माणसे येतात. गाडगेबाबा (१८७६–१९५६) गावात आले की आधी स्वतः खराटा धरीत आणि मग रात्री कीर्तनाला उभे राहत. आपण त्यांचे कीर्तन लक्षात ठेवले. त्या आधीचे काम त्यांनी दुसऱ्याला सांगितले नव्हते, स्वतः केले होते, हे विसरलो.

म्हणून माझी विनंती एवढीच. घरी मोलाने काम करणारी बाई असेल, तर तिला आठवड्याची एक भरपगारी सुट्टी द्या. नसेल, तर घरातल्या बाईला ती द्या. आणि त्या दिवशी घरातल्या पुरुषांनी केरसुणी हातात घ्यावी; केर दुसऱ्या दिवसावर ढकलू नये.