सीलिअॅक आजार असेल तर क्रीम, शाम्पू, लिपस्टिकही ‘ग्लुटेन-फ्री’ हवी का?

सीलिअॅकचं निदान झालं की घरात सगळ्यात आधी पोळी बंद होते. गव्हाऐवजी ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ येतात. त्यानंतर मोबाइलवर रील्स दिसू लागतात: शाम्पू बदला, क्रीम फेकून द्या, सगळं ग्लुटेन-फ्री घ्या. ही उत्पादनं महाग असतात. मग खरंच सगळं बदलावं लागतं का?

सीलिअॅक म्हणजे नेमकं काय?

गहू, बार्ली (जव) आणि राय या धान्यांमधल्या प्रथिनांना ग्लुटेन म्हणतात. सीलिअॅक असलेल्या व्यक्तीने ग्लुटेन खाल्लं की शरीराची रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्याच्या अस्तरावर हल्ला करते. जगात साधारण शंभरातल्या एका व्यक्तीला हा आजार असतो आणि अनेकांना त्याचा पत्ताच नसतो.

त्वचेचा काय संबंध?

काही जणांमध्ये हा आजार त्वचेवर दिसतो. त्याला डर्मटायटिस हर्पेटिफॉर्मिस म्हणतात. अमेरिकी डॉक्टर लुई डुहरिंग यांनी 1884 मध्ये त्याचं वर्णन केलं. नावात ‘हर्पेटिफॉर्मिस’ असलं तरी हर्पिसच्या विषाणूशी त्याचा संबंध नाही आणि तो संसर्गजन्यही नाही.

कोपर, गुडघे, नितंब, पाठ आणि डोक्याच्या त्वचेवर लहान फोड किंवा पुरळ येतं. ते बहुतेकदा शरीराच्या दोन्ही बाजूंना सारखंच असतं. खाज इतकी तीव्र असते की फोड खाजवून फुटतात आणि उरतात फक्त ओरखडे, खपल्या. त्यामुळे ते एक्झिमा, खरूज किंवा बुरशीसंसर्ग समजलं जातं. पोटाचा काहीच त्रास नसतानाही हे होऊ शकतं.

निदान कसं होतं?

फोडाच्या शेजारच्या, चांगल्या दिसणाऱ्या त्वचेचा छोटा तुकडा तपासतात. त्यात आयजीए नावाची प्रतिपिंडं साठलेली दिसली की निदान पक्कं होतं. सोबत टीटीजी-आयजीए ही रक्ततपासणी करतात. इथे एक चूक महागात पडते. तपासणीआधीच गहू बंद केला तर अहवाल चुकीने ‘निगेटिव्ह’ येऊ शकतो. त्यामुळे आधी तपासणी, मग पथ्य.

उपचार काय?

मुख्य उपचार म्हणजे आयुष्यभर ग्लुटेनमुक्त आहार. मात्र पुरळ पूर्ण जायला काही महिने, कधी एक-दोन वर्षंही लागतात. तोपर्यंत खाज थांबवण्यासाठी डॉक्टर डॅप्सोन हे औषध देतात. ते सुरू करण्याआधी जी6पीडी ही रक्ततपासणी आवश्यक असते, म्हणून ते स्वतःच्या मनाने घेऊ नये. डॅप्सोनने त्वचा शांत होते, पण आतडं बरं होत नाही. म्हणजे पथ्य सुटत नाही.

मग क्रीम आणि शाम्पूचं काय?

अखंड त्वचेतून ग्लुटेन शरीरात जाऊन सीलिअॅक भडकतो, असं आढळलेलं नाही. प्रश्न आहे तो पोटात जाण्याचा. त्यामुळे उत्पादनांची विभागणी अशी करता येते:

- काळजीपूर्वक निवडा: लिपस्टिक, लिप बाम, टूथपेस्ट, माउथवॉश. हे तोंडात जातं.
- लक्ष ठेवा: हँड क्रीम. ते लावून त्याच हाताने जेवू नये. लहान मुलं हात तोंडात घालतात, त्यांच्या बाबतीत जास्त सावध राहावं.
- सहसा बदलायची गरज नाही: शाम्पू, बॉडी लोशन, साबण.

गव्हाची अॅलर्जी हा मात्र वेगळा आजार आहे. त्यात त्वचेला गव्हाचं प्रथिन लागूनही त्रास होऊ शकतो. जपानमध्ये गव्हाचं प्रथिन असलेल्या एका फेसवॉश साबणामुळे दोन हजारांहून अधिक लोकांना गव्हाची अॅलर्जी झाल्याचं उघड झालं होतं.

लेबलवर काय शोधायचं?

ट्रिटिकम व्हल्गेर म्हणजे गहू, होर्डियम व्हल्गेर म्हणजे बार्ली, सेकेल सिरिअल म्हणजे राय. ‘हायड्रोलाइज्ड व्हीट प्रोटीन’ हेही गव्हाचंच. भारतात खाद्यपदार्थावर ‘ग्लुटेन-फ्री’ लिहायचं तर ग्लुटेन किलोमागे 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. पण हा नियम खाण्याच्या वस्तूंसाठी आहे, सौंदर्यप्रसाधनांसाठी नाही. त्यामुळे पुढच्या बाजूच्या दाव्यापेक्षा मागची घटकांची यादी वाचावी.

खाज कमी करण्यासाठी

कोमट पाण्याने थोडक्यात आंघोळ, बिनवासाचं मॉइश्चरायझर, सुती सैल कपडे आणि कापलेली नखं यांचा उपयोग होतो. नवीन उत्पादन आधी हाताच्या आतल्या बाजूला आठवडाभर लावून पाहावं.

आणि स्वयंपाकघर?

पथ्य पाळूनही पुरळ जात नसेल तर बाथरूमआधी इथे शोधावं. बाजारातल्या अनेक हिंगांत गव्हाचं पीठ असतं. ज्वारी किंवा बेसन गव्हाच्याच गिरणीत दळलं तर त्यात गहू मिसळतो. महागड्या शाम्पूपेक्षा वेगळं दळण त्वचेच्या जास्त कामाचं ठरतं.