अंतराळप्रवास आणि मानवी तोल : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
अंतराळप्रवासाचा इतिहास प्रामुख्याने अग्निबाण व राष्ट्रांमधील स्पर्धा या अंगांनी लिहिला गेला आहे. प्रस्तुत लेखात तोल सांभाळण्याच्या मानवी संवेदनेच्या संदर्भात या इतिहासाचा आढावा घेण्याचा प्रयत्न केला आहे.

तोलाची यंत्रणा :
आंतरकर्णातील तीन अर्धवर्तुळाकार नलिका डोक्याचे वळणे टिपतात. त्यांच्या लगतच्या पिशव्यांतील कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म स्फटिक गुरुत्वाकर्षणाची दिशा जाणवून देतात. डोळे, स्नायू व सांधे यांच्या संदेशांशी मेंदू त्यांचा मेळ घालतो. कोल्हापूरच्या तालमीतील मल्ल डाव पलटताना याच मेळावर विसंबतो. भारहीन अवस्थेत मात्र डोके कलले तरी स्फटिकांचा भार जाणवत नाही आणि डोळे व कान यांची साक्ष परस्परविरोधी ठरते.

ऐतिहासिक अनुभव :
युरी गागारिन यांच्या १०८ मिनिटांच्या उड्डाणात हा प्रश्न उद्भवला नाही. ऑगस्ट १९६१ मध्ये एक दिवसाहून अधिक काळ कक्षेत राहिलेल्या गेर्मान तितोव यांना मात्र मळमळीचा त्रास झाला. बहुसंख्य अंतराळवीरांना पहिले दोन-तीन दिवस असा त्रास होतो, हे पुढे स्पष्ट झाले. त्यानंतर मेंदू नव्या परिस्थितीला सरावतो. परंतु हाच सराव पृथ्वीवर परतल्यावर पावले अडखळवतो.

खडकवासला येथील राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत घडलेल्या दोन अधिकाऱ्यांनी हा अनुभव भारताच्या इतिहासात आणला. एप्रिल १९८४ मध्ये राकेश शर्मा यांनी सल्यूत-७ स्थानकावर योगासनांचा प्रयोग केला. भारहीनतेशी जुळवून घेण्यास योग साहाय्यक ठरतो काय, हा त्यामागील प्रश्न होता. एकाच व्यक्तीवरील प्रयोगातून सर्वसामान्य निष्कर्ष काढणे शक्य नव्हते. शुभांशु शुक्ला जून २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर पोहोचले, तेव्हा लहान मुलाप्रमाणे चालणे व खाणे आपण नव्याने शिकत असल्याचे त्यांनी सांगितले. या दोन उड्डाणांत ४१ वर्षांचे अंतर आहे.

निष्कर्ष :
गगनयान मोहिमेची जाहीर योजना तीन दिवसांच्या उड्डाणाची आहे. म्हणजेच तोल सर्वाधिक बिघडण्याच्या काळातच ती मोहीम पूर्ण व्हावयाची आहे. त्यामुळे १९८४ मधील प्रश्न आज केवळ अभिमानाची आठवण राहत नाही. अनेक अंतराळवीरांच्या उड्डाणापूर्वीच्या व नंतरच्या पद्धतशीर नोंदींतूनच त्याचे उत्तर मिळू शकेल.