बटेव्हियाच्या कोंबड्यांचें दुखणें

आजारी कोंबडीची शुश्रूषा हा विषय इतिहासाच्या पानांत शोभावयाचा नाहीं, असें कोणासही वाटेल. आपल्याकडे ज्या घरीं कोंबड्या पाळतात, तेथेंही अंडीं देणारी कोंबडी पंख पाडून कोपऱ्यांत बसली, म्हणजे तिच्यापुढें पाण्याची वाटी व मूठभर दाणे ठेवण्यापलीकडे फारसें कोणी कांहीं करीत नाहीं. जगली तर जगली. परंतु वैद्यकाच्या इतिहासांत एक प्रसंग असा आहे, कीं आजारी कोंबड्या बऱ्या झाल्या कशानें, हें एका मनुष्यानें चिकाटीनें विचारलें, आणि त्या प्रश्नाच्या पोटीं भात खाणाऱ्या माणसांच्या एका भयंकर रोगाचें मूळ हातीं लागलें.

तो रोग म्हणजे बेरीबेरी. पाय जड व बधिर होतात, चालतांना तोल जातो, कोणाच्या अंगावर सूज चढते, आणि शेवटीं हृदय थकून मनुष्य दगावतो. सुमात्रा बेटांतील आचे येथें डच लोकांचें युद्ध इ. स. १८७३ मध्यें सुरू झालें. त्यांतील शिपायांत या रोगानें असा कहर उडविला, कीं १८८६ सालीं डच सरकारनें पेकेलहारिंग व विंकलर या दोन विद्वानांस मुद्दाम पूर्वेकडे धाडलें. त्यांच्या मदतीस ख्रिस्तियान आइकमान हे तरुण लष्करी डॉक्टर होते. बर्लिन येथें रॉबर्ट कॉख यांच्या हाताखालीं ते जंतुशास्त्र शिकले होते. कॉख यांनीं क्षयाचा जंतु १८८२ सालीं दाखविल्यापासून प्रत्येक रोगाच्या मागें एखादा जंतु असलाच पाहिजे, अशी विद्वानांची श्रद्धा बसली होती. बेरीबेरीचाही जंतु सांपडल्यासारखा वाटला. मंडळी १८८७ त स्वदेशीं परतली, आणि उरलेलें काम पुरें करण्यास आइकमान मागें राहिले. आज ज्यास जाकार्ता म्हणतात त्या बटेव्हिया शहरांत, लष्करी रुग्णालयाच्या आवारांतील लहानशी प्रयोगशाळा १८८८ च्या आरंभीं त्यांच्या स्वाधीन झाली.

प्रयोगासाठीं त्यांनीं कोंबड्या घेतल्या, त्या केवळ स्वस्त व पाळावयास सोप्या म्हणून. कांहींस रोगाचें द्रव्य टोचावें व कांहीं तशाच ठेवून दोहोंची तुलना करावी, असा बेत होता. १८८९ च्या जुलै महिन्यांत त्यांच्यांत दुखणें शिरलें. प्रथम चाल डळमळे, मग दांडीवर बसणें जमेना. पाय लुळे पडून कोंबडी कुशीवर कलंडे. पुढें पंख व मान यांतली शक्ति जाई, श्वास मंद होई, तुरा काळानिळा पडे आणि अंग गार पडून प्राण जाई. टोचलेल्या कोंबड्या आजारी पडल्या यांत नवल नव्हतें; पण न टोचलेल्याही पडल्या! त्यांस निराळ्या जागीं नेऊन ठेवलें, तरी तोच प्रकार. मेलेल्या कोंबड्या फाडून पाहतां मज्जातंतू बेरीबेरीच्या रोग्याप्रमाणेंच झिजलेले दिसले. जंतु मात्र कोठें सांपडेना.

इतक्यांत नोव्हेंबरच्या अखेरीस दुखणें आपोआप थांबलें. आजारी होत्या त्या हिंडूंफिरूं लागल्या, आणि नवी एकही पडेना.

सामान्य मनुष्य येथें सुटकेचा श्वास टाकून दुसऱ्या कामास लागला असता. बरें झालेल्या दुखण्याची चौकशी करण्याची आपणां कोणासच संवय नसते. आइकमान यांनीं ती केली, आणि आम्हांस त्यांची खरी थोरवी येथें दिसते. कोंबड्यांच्या बाबतींत या दिवसांत काय बदललें, याचा शोध घेतां असें कळलें, कीं प्रयोगशाळेच्या नोकरानें काटकसरीसाठीं त्यांस रुग्णालयाच्या मुदपाकखान्यांतला शिजलेला पांढरा भात घालण्याचा क्रम धरला होता. पुढें तेथला स्वयंपाकी बदलला. नव्यानें साफ सांगितलें, कीं लष्कराचा तांदूळ मुलकी कोंबड्यांस मिळावयाचा नाहीं! झालें; कोंबड्या पुन्हा आपल्या हलक्या, न सडलेल्या तांदळावर आल्या. तारखा पाहिल्या, तों पांढरा भात १७ जून ते २७ नोव्हेंबर एवढाच काळ चालला होता. दुखणें त्याच्या मागून आलें व त्याच्याबरोबर गेलें. सरकारी कारकुनी बाण्यानें मानवजातीवर केलेल्या उपकारांची यादी कोणी केली, तर ती फार लांब होणार नाहीं. पण त्या स्वयंपाक्याचें नांव तींत पहिलें घालावें लागेल.

यानंतर आइकमान यांनीं कोंबड्यांस मुद्दाम आजारी पाडून मुद्दाम बरें करण्याचा क्रम आरंभिला. सडून पांढरा केलेला तांदूळ शिजवून द्या कीं कच्चा द्या, तीन-चार आठवड्यांत पाय लुळे पडत. साबुदाणा दिला तरी तीच गत. उलट तांदळाच्या दाण्यावरील पातळ साल राखली, किंवा काढलेला कोंडा परत मिसळला, म्हणजे लुळी पडलेली कोंबडीही थोड्याच दिवसांत उठून उभी राही. ज्या वस्तू आपण आजाऱ्यास पचावयास हलक्या म्हणून देतों, त्यांवरच तीं पाखरें मरत होतीं, हें वाचतांना थोडें अस्वस्थ व्हावयास होतें.

मात्र डोळ्यांपुढें असलेल्या गोष्टीचा अर्थ आइकमान यांस पुरता लागला नाहीं. पिष्टमय अन्नांत कांहीं विष उत्पन्न होतें व सालींत त्यावरचा उतारा असतो, असें ते म्हणत. कांहीं असल्यानें रोग होतो हें त्या काळच्या बुद्धीस पटे. कांहीं नसल्यानें रोग होतो हें पटत नसे. १८९६ त प्रकृति बिघडून ते मायदेशीं गेले. त्यांच्या जागीं आलेले खेरिट ग्रेन्स यांनीं १९०१ सालीं स्पष्ट सांगितलें, कीं अन्नांत कांहीं आवश्यक द्रव्य असतें व तें न मिळाल्यानेंच हा विकार जडतो. त्यांच्या कोंबड्यांस गुण आला तो कशानें म्हणाल? आपल्या ओळखीच्या हिरव्या मुगांनीं!

कोंबडीस होतें तें माणसास लागू कशावरून, असा आक्षेप साहजिकच निघाला. जावांतील वैद्यकीय अधिकारी व्होर्डरमन यांनीं तेथील शंभरांवर तुरुंगांची पाहणी करून १८९७ त त्याचें उत्तर दिलें. असडी तांदूळ मिळणाऱ्या कैद्यांत दहा हजारीं सुमारें एक बेरीबेरीचा रोगी निघाला; पांढऱ्या तांदळावरच्या कैद्यांत एकोणचाळिसांत एक. पुढें १९१२ सालीं फुंक यांनीं असल्या द्रव्यांस ‘व्हिटॅमिन’ हें नांव दिलें. १९२६ त यान्सेन व डोनाट यांनीं बटेव्हियांतच कोंड्यांतून त्याचे स्फटिक काढले, आणि १९३६ त विल्यम्स यांनीं तें कृत्रिम रीतीनें बनविलें. आज त्यास थायमिन किंवा ब-१ जीवनसत्त्व म्हणतात. हे विल्यम्स आपल्या देशांतील नेल्लोरचे, एका मिशनऱ्याच्या घरीं जन्मलेले. आइकमान यांस १९२९ चें नोबेल पारितोषिक हॉपकिन्स यांच्याबरोबर विभागून मिळालें, तेव्हां ते इतके आजारी होते कीं स्टॉकहोमला जाणें त्यांस झेपलें नाहीं. दुसऱ्याच वर्षीं ते वारले.

या कथेचें आपल्या कोंकणाशीं एक नातें आहे. घिरटावर भरडून उखळांत कांडलेल्या तांदळाची साल सगळी जात नसे. जो कोंडा व कणी निघे ती अंगणांतल्या कोंबड्यांच्या वांट्यास येई. म्हणजे घरचीं माणसें व घरचीं पाखरें दोघेंही, न कळत कां होईना, सुरक्षित होतीं. १९३४ त गांधीजींच्या प्रेरणेनें वर्ध्यास अखिल भारत ग्रामोद्योग संघ निघाला, तेव्हां हातसडीच्या तांदळाचा पुरस्कार त्याच्या कामांत आला तो या शास्त्राच्या आधारानेंही. तरी आम्हांस एक गोष्ट बोलल्यावांचून राहवत नाहीं. पहाटे उठून मुसळाचे घाव घालणारी बाई कोण, हा प्रश्न या उपदेशांत फारसा कोणी विचारीत नसे. गिरणी आली तेव्हां तिच्या हातांचे घट्टे गेले, आणि ती तिनें आनंदानें स्वीकारली, यांत तिचा दोष नाहीं.

कोंकणांत व गोव्यांत याची एक तोड फार पूर्वींपासून आहे, ती उकड्या तांदळाची. भात भिजवून, वाफवून, वाळवून मग सडलें, म्हणजे सालींतलें सत्त्व दाण्याच्या पोटांत उतरतें. मग गिरणीनें साल काढली तरी त्यांतलें बरेंचसें शिल्लक राहतें. ही युक्ति ज्यांनीं काढली त्यांस जीवनसत्त्वाचें नांवही ठाऊक नव्हतें. तांदूळ शिजतांना जें पाण्यांत उतरतें तें ओतून देण्याची चालही तिकडे नाहीं. सकाळच्या पेजेबरोबर तें पोटांतच जातें, आणि भांड्याच्या तळाशीं राहिलेलीं शितें कोंबड्यांना.