धारित्र, मोटारीच्या ध्वनियंत्रणेतील

मोटारीत वूफरसाठी बसवलेल्या अँप्लिफायरला क्षणभर लागणारा जादा प्रवाह पुरवण्याकरिता त्याच्या वीजपुरवठ्याला समांतर जोडलेला घटक. बोलीत त्याला ‘कपॅसिटर’च म्हणतात. इलेक्ट्रॉनिक मंडलांतील नेहमीची धारित्रे मायक्रोफॅराडमध्ये मोजतात; हे मात्र सहसा १ फॅराडचे, म्हणजे दहा लाख मायक्रोफॅराडचे असते.

रात्री मोठ्या आवाजात गाणे लावले आणि प्रत्येक ठोक्याला हेडलाइट मंदावू लागले, की गाडीमालक या धारित्राकडे वळतो. इंजिन चालू असताना अल्टरनेटर विद्युत् दाब १४ व्होल्टच्या आसपास राखतो. वूफरचा ठोका येताच मागणी उसळते, अल्टरनेटरचा नियामक तितक्या झटपट सावरत नाही, लांब तारेतही थोडा दाब खर्ची पडतो आणि तो बॅटरीच्या १२.६ व्होल्टकडे घसरतो. अँप्लिफायरलगत बसवलेले, कमी अंतर्गत रोधाचे धारित्र ही घसरण काही अंशी थोपवते.

किती थोपवते, हे आकड्यांतच पाहावे. धारित्रातील ऊर्जा धारकता आणि दाबाचा वर्ग यांच्या गुणाकाराच्या निम्मी असते. १४.४ वरून १२.६ व्होल्टवर येताना १ फॅराडचे धारित्र सुमारे २४ जूल देते. १,००० वॉट ओढणाऱ्या अँप्लिफायरला ही शिदोरी सेकंदाचा जेमतेम चाळिसावा भाग पुरते. ५० हर्ट्‌झच्या स्वराच्या एकाच आवर्तनाला ०.०२ सेकंद लागतात. सलग घुमणाऱ्या बासपुढे तिचा काय पाड? ‘दर १,००० वॉटला १ फॅराड’ हा रूढ आडाखा म्हणूनच भाबडा ठरतो. शिवाय रिते झालेले धारित्र भरायचे तेही अल्टरनेटरनेच. ७० अँपिअरचा अल्टरनेटर १४ व्होल्टला फार तर ९८० वॉट देतो, इंजिन मंद फिरत असताना त्याहून बरेच कमी. त्यात दिवे, इंधनपंप आणि पंखे यांचा वाटा आधीच ठरलेला. हा तुटवडा साठवणीने भरून निघत नाही. त्यामुळे आधी अल्टरनेटर ते बॅटरी, बॅटरी ते गाडीची बॉडी आणि इंजिन ते बॉडी या तीन तारा जाड कराव्यात, गरज पडल्यास अल्टरनेटर बदलावा. धारित्राचा विचार त्यानंतर.

रिकामे धारित्र थेट जोडल्यास मोठी ठिणगी उडते. म्हणून आधी ते १२ व्होल्टच्या बल्बमधून भरतात. बल्ब विझला की ते भरले. काढतानाही त्याच बल्बमधून रिते करावे. इलेक्ट्रोलिटिक धारित्राची टोके उलटी जोडली गेली तर ते फुटू शकते.

अतिधारित्रांची गोष्ट वेगळी आहे. २.७ व्होल्टचे, प्रत्येकी ३,००० फॅराडचे सहा घट एकसरीत जोडले, तर १६.२ व्होल्ट पेलणारा ५०० फॅराडचा संच होतो. वरच्याच हिशेबाने तो सुमारे १२ सेकंद पुरतो. मात्र घटांवरचा दाब समान राखणारे मंडल त्याला हवेच.

ट्वीटरच्या तारेत एकसरीत असलेले लहानसे धारित्र या नोंदीतले नव्हे. ते ऊर्जा साठवण्यासाठी नसून खालचे स्वर अडवण्यासाठी असते : ४ ओहमच्या ट्वीटरला ४.७ मायक्रोफॅराडचे धारित्र लावल्यास सुमारे ८,५०० हर्ट्‌झच्या खाली आवाज उतरत जातो.