नंदाचे वडील एवढीच ओळख? मास्टर विनायकबद्दल थोडं

मंडळी, आमच्या जरीपटक्यात ऑगस्ट १९४७ म्हटलं की घराघरांत सिंध आठवतं. फाळणी, गाड्या, कॅम्प, मागे राहिलेलं घरदार. त्या गोष्टी ऐकतच आपण मोठे झालो. पण त्याच महिन्यात, १९ तारखेला, म्हणजे स्वातंत्र्य मिळून आठवडाही झाला नव्हता तेव्हा, मराठी सिनेमाचा एक मोठा माणूस गेला. वय फक्त ४१. देश एवढ्या गडबडीत होता की त्याच्याकडे कोण पाहणार?

विनायक दामोदर कर्नाटकी, म्हणजे मास्टर विनायक. आज सांगावं लागतं, "अहो, ते नंदाचे वडील." नाहीतर मग, "लताबाईंना सुरुवातीला काम देणारे." दोन्ही खरं आहे. १९४२ मध्ये मास्टर दीनानाथ गेले तेव्हा घराची जबाबदारी पोरवयाच्या लतावर आली आणि विनायकरावांनी तिला आपल्या सिनेमांत कामं दिली. पण माणसाचं स्वतःचं काम बाजूला राहिलं ना!

जन्म १९०६, कोल्हापूरचा. प्रभातच्या 'अयोध्येचा राजा' (१९३२) मध्ये ते नारद होते. दिग्दर्शनाला सुरुवात केली १९३५ मध्ये, 'विलासी ईश्वर'पासून. शोभना समर्थ पडद्यावर पहिल्यांदा आल्या त्या याच सिनेमातून. पुढच्याच वर्षी बाबूराव पेंढारकर आणि कॅमेरामन पांडुरंग नाईक यांच्यासोबत हंस पिक्चर्स काढली. तिथून मृत्यूपर्यंत अकराच वर्षं. तेवढ्यात कितीतरी सिनेमे, त्यातले बरेच मराठी आणि हिंदी असे दोनदा केलेले, आणि अनेकांत स्वतः नट. अमेरिकेत चॅप्लिननं १९१४ च्या एका वर्षात पस्तीसेक छोटे विनोदी सिनेमे केले, त्याचं जगभर कौतुक होतं. आपल्या कोल्हापुरात पूर्ण लांबीचे सिनेमे असे झपाट्यानं निघत होते, ते मात्र आपल्या पोरांना माहीतही नाही.

मला त्यांच्यात खरं मोठं वाटतं ते एक. त्यांनी मराठी माणसाला स्वतःवर हसायला लावलं. तेव्हा पडद्यावर देव, राजे आणि संत यांची गर्दी होती. विनायकरावांनी लेखकांना गाठलं. खांडेकरांकडून 'छाया', चिं. वि. जोशींच्या चिमणराव-गुंड्याभाऊवरून 'लग्न पहावे करून', आणि अत्र्यांकडून तर एकामागून एक.

१९३८ हे वर्षच पाहा. त्या साली 'ज्वाला' नावाचा खर्चिक, भव्य सिनेमा केला, चंद्रमोहनसारखा नट घेऊन. तो आपटला. आणि त्याच साली आला 'ब्रह्मचारी'. गोष्ट अत्र्यांची. एक तरुण, औदुंबर, ब्रह्मचर्यावरचं व्याख्यान ऐकून भारावतो आणि आजन्म ब्रह्मचारी राहायची शपथ घेतो. मग भेटते मीनाक्षी शिरोडकर, तीही पोहण्याच्या पोशाखात! पुढचं सांगायला नको. त्या पोशाखावरून तेव्हा काय गहजब झाला म्हणता! पण लोक हसले, पुन्हा पुन्हा पाहायला गेले. औदुंबर स्वतः विनायकरावच होते. म्हणजे टिंगल ज्याची करायची, ते पात्र दिग्दर्शकानं स्वतःच्याच अंगावर घेतलं. हे मला फार आवडतं.

पुढच्या वर्षी 'ब्रँडीची बाटली'. त्यात दामुअण्णा मालवणकर, ब्रँडी म्हणजे काय हेच ठाऊक नसलेला भोळा कारकून. त्याआधी 'धर्मवीर'मध्ये धर्माचं सोंग घेणाऱ्या प्रतिष्ठितांना चिमटे काढले होते.

आता जरा विचार करा. शपथ, संयम, धर्म, दारूबंदी, ह्या सगळ्यावर १९३७ ते ३९ मध्ये, इंग्रजांच्या राज्यात, उघड हसता येत होतं. आज कोणी 'ब्रह्मचारी' नव्यानं काढला तर? ट्रेलर आल्याच्या दुसऱ्या दिवशी निवेदन, तिसऱ्या दिवशी मोर्चा, चौथ्या दिवशी निर्मात्याची माफी. कोणत्या पक्षाचा मोर्चा हे विचारू नका, सगळ्यांचेच निघतात. भावना तेव्हाच्या लोकांनाही होत्याच की.

शेवटची वर्षं मात्र ओढाताणीची. नवयुग, मग स्वतःची प्रफुल्ल, मग १९४५ ला बिऱ्हाड मुंबईला. त्याच साली 'बडी माँ' आला. नायिका नूरजहाँ, आणि छोट्या भूमिकेत लता. दोन वर्षांत नूरजहाँ पाकिस्तानात गेल्या आणि विनायकराव जगातूनच. 'मंदिर' अर्धा राहिला होता, तो दुसऱ्यांनी पुरा केला आणि १९४८ मध्ये लागला. त्यात एक लहानगी पोर आहे, ती नंदा.

'ब्रह्मचारी' आजही पाहायला मिळतो. प्रिंट खराब आहे, आवाज खरखरतो. तरी घरच्या म्हाताऱ्या माणसांसोबत बसून एकदा पाहा, आणि कुठे हसू आलं ते खाली नक्की लिहा.